खंडेनवमीचा पाना

फोन आला तेव्हा मी गाडीच्या बॉनेटखाली झेंडूची माळ बांधत होते. हात पिवळेजर्द, कोपराला कुंकू लागलेलं आणि फोन मान वाकडी करून खांद्यावर दाबून धरलेला.

"जोतीराम निकमांच्या घरून बोलताय ना?" पुण्याच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलमधली बाई होती. "त्यांचा नंबर लागलाय. डोळा मिळालाय. आज संध्याकाळी पाचच्या आत दाखल व्हायचं. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, यादीतल्या पुढच्या पेशंटला कळवावं लागेल."

"जमतंय," मी म्हणाले. "निघालोच म्हणा."

वर्षभर ज्या फोनची वाट बघितली तो असा दीड मिनिटात संपला. माळेचं एक टोक बांधून झालं होतं, दुसरं लोंबत होतं. ते तसंच आत सोडून मी बॉनेट आपटलं आणि घरात पळाले. ही माझी अक्कल.

जोतीराम म्हणजे माझे मालक. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामात, देशभर पांगलेली. हे कोइमतूरला होते. चौदा महिन्यांपूर्वी तिथं ॲसिडचा कॅन फुटला आणि ते दोन्ही डोळ्यांत गेलं. डावा डोळा तिथल्या तिथं गेला. उजव्यावर पांढरा पडदा आला, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. मला तेव्हा सहावा महिना होता. पोरगी झाली, स्वरा नाव ठेवलं, रांगायलाही लागली, पण बापानं तिचं तोंड बघितलं नव्हतं. बोटांनी तिचं नाक-हनुवटी चाचपून हे मला विचारायचे, "कुणासारखी गं?" मी रोज वेगळं नाव सांगायचे, म्हणजे तेवढंच हसणं व्हायचं.

दहा मिनिटांत कपड्यांची पिशवी, फायली, पोरीचं दूध सगळं गोळा केलं. ह्यांना पुढच्या सीटवर बसवलं. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वराला घेऊन मागं बसणार होत्या. मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि बॉनेटखालून फटफट, फटफट, मग कुणीतरी धडपं फाडावं तसा आवाज आला. डॅशबोर्डावर लाल दिवा पेटला. स्टिअरिंग हलेना.

बॉनेट उघडलं तर आत झेंडूचा चिखल. माळेचा दोरा इंजिनाच्या पट्ट्यात गेला होता, पट्ट्यानं तो ओढून घेतला आणि दोऱ्यानं पट्टा. काळ्या रबराच्या चिंध्या झाल्या होत्या. मी रडत रडत त्या सगळ्या उपसून काढल्या आणि उकिरड्यावर टाकून आले. पट्टा कुठल्या चाकावरून कुठं गेला होता हे बघायचं मला सुचलंच नाही. काढून झाल्यावर मुबारक मेस्त्रींना फोन लावला.

मुबारकभाई आमच्या गावचे एकुलते एक मेस्त्री. ते सासुरवाडीला मंगळवेढ्याला गेले होते.

"वैनी, रडू नका," ते म्हणाले. "नवा पट्टा डिकीत हाय बघा. गेल्या सर्विसिंगला मीच ठिवायला लावलाय. एकच लांब पट्टा, सगळ्या चाकांवरनं नागमोडी जातोय. त्यातलं एक चाक स्प्रिंगवर हाय, पंधराचा पाना लावून ते दाबून धरायचं, म्हंजे पट्टा ढिला पडतोय. दुसऱ्यानं तो चढवायचा. वीस मिनिटांचं काम."

"पण कसा चढवायचा?"

"बॉनेटच्या आतल्या अंगाला कागद चिकटवलाय बघा. त्यावर नकाशाच हाय की."

मी वर बघितलं. बॉनेटची आतली बाजू आरशासारखी लखलखत होती. आदल्या दिवशी पूजेसाठी गाडी धुताना मला तो कळकट कागद बघवला नव्हता. अर्धा तास रॉकेल आणि उलथनं घेऊन मी तो खरवडून काढला होता, आणि वर त्या जागी स्वस्तिक काढलं होतं.

"मुबारकभाई, तो कागद मी काढला."

"तोंडी सांगता यायचं न्हाई, वैनी. हात आत गेला की आपोआप कळतंय, पर फोनवर..." आमच्या घरात बटणांचेच फोन, नकाशाचा फोटो मागवायचीही सोय नव्हती.

विट्याच्या दोन गाडीवाल्यांना फोन केला. एक म्हणाला, गाडी पुजलीय ताई, उद्या सकाळी सहाला दारात हजर. दुसऱ्यानं उचलला नाही. गावात आणखी दोन गाड्या होत्या, त्यांचे मालक त्याच गाड्यांनी कोल्हापूरला देवीला गेलेले. एसटीनं जायचं तर कऱ्हाडला बदलून पुण्यात उतरायला सात वाजणार. घड्याळात पावणेदहा. आमच्या गावातून पुणं पाच तास. बारापर्यंत चाक हललं तर डोळा आपला, नाही तर दुसऱ्या कुणाचा.

ह्यांना सगळं ऐकू आलं होतं. गाडीतून उतरून ओसरीवर काळा चष्मा लावून बसून होते. "राहू दे मालन," म्हणाले. "पुन्हा लागंल नंबर." आवाज अगदी साधा काढला होता, पण हातातली काठी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. मला ते बघवेना.

"काय झालं गं?" आत्ती मागं येऊन उभ्या होत्या. त्यांना सगळं दोनदा सांगावं लागायचं. चोवीस वर्षं पिठाची गिरण चालवून त्यांचे कान गेले होते.

"पट्टा तुटला, आत्ती. नवा आहे, पण कसा घालायचा कळत नाही. आणि पाना नाही. पंधराचा."

पाना हा शब्द तोंडातून गेला आणि मीच चपापले. पाने घरात होते. देवघराच्या कोपऱ्यात पाटावर तांबडं कापड अंथरून आत्तींनी त्या सकाळीच गिरणीची सगळी हत्यारं मांडली होती. दगडाला टाकी लावायची छिन्नी, हातोडी, तेलाचा बुधला, पान्यांचा जुडगा, लोखंडी पाइप. गिरण बंद होऊन पाच वर्षं झाली होती तरी दर खंडेनवमीला ही मांडामांड व्हायची, आणि एकदा हळद-कुंकू वाहिलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. पाळतात सगळेच, पण आत्तींचं पाळणं भलतंच कडक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी नारळ फोडायला चुकून त्यातली हातोडी उचलायला गेले, तर त्यांनी माझ्या मनगटावर अशी चापट मारली होती की वळ उठला. मी कऱ्हाडची बी.कॉम. झालेली मुलगी. महिनाभर मनात म्हणत होते, काय अडाणी बाई पदरात पडली.

आत्ती तडक घरात गेल्या. मी मागोमाग गेले. त्या पाटासमोर उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं, आता नाही म्हणणार.

"काढू का मी?" मी हळूच विचारलं आणि हात पुढं केला.

"तू हात लावायचा न्हाई." त्यांनी मला अक्षरशः मागं लोटलं. "काय वाट्टंल ते झालं तरी तू न्हाई उचलायचा. म्या उचलती."

त्यांनी वाकून नमस्कार केला. जुडग्यावरची दोन फुलं काढून बाजूला ठेवली आणि चौदा-पंधराचा पाना उपसला, मग पाइप. लोखंड लोखंडावर वाजलं. त्या आवाजासरशी ओसरीवर हे उठून उभे राहिले.

"आये?" ह्यांचा आवाज एकदम पोरासारखा झाला होता. "आये, काय उचललंस?"

"तू गप बस," आत्ती म्हणाल्या.

गाडीपाशी आल्यावर त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हात बॉनेटखाली घातले. मी म्हटलं, बॅटरी आणते. त्यांनी मान हलवली आणि चक्क डोळे मिटले. पुढची चार-पाच मिनिटं ती बाई डोळे मिटून आत चाचपत होती. एकेक चाक बोटांनी गोल गोल फिरवून बघत होती. दळण घेताना पीठ चिमटीत चोळून बघायची, तशीच.

"सा चाकं," त्या म्हणाल्या. "चाराला दात, दोन गुळगुळीत. पट्टा आण."

मी डिकीतून नवा पट्टा दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "ह्याच्या पोटाला दात हायत, पाठ गुळगुळीत. म्हंजे दातंरी चाकं पोटाला, गुळगुळीत चाकं पाठीला. कळलं?"

मला कळलं. शपथेवर सांगते, बारावीचं फिजिक्स मला इतकं सरळ कुणी शिकवलं नव्हतं.

"आता वाट शोधायची," त्या म्हणाल्या आणि ओसरीच्या आडोशाला जाऊन परकराची नाडी काढून आल्या. परकराला सुतळी बांधली. त्या नाडीची दोन टोकं गाठून त्यांनी तिचा मोठा फेर केला आणि ती चाकांवरून घालून बघायला लागल्या. खालच्या मोठ्या चाकावरून वर, मग डावीकडं, मग गुळगुळीत चाकाच्या मागून. नाडी एका जागी स्वतःलाच घासली. "न्हवं," म्हणून त्यांनी काढली. दुसऱ्यांदा घातली. ह्या वेळी कुठं घासत नव्हती, सगळ्या चाकांवर नीट बसली होती. मी म्हटलं, झालं की.

"न्हाई. ह्ये बघ." त्यांनी माझं बोट धरून वरच्या डाव्या चाकावर नेलं. "फिरीव. जड लागतंय? आन त्ये फिरीव. हलकं हाय. जड चाकाला पट्ट्याची मिठी मोठी पायजे. नुसता टेकून ऱ्हायला तर घसरतोय. ही नाडी जड चाकाला नुसती शिवून चाललीया."

तिसऱ्यांदा नाडी जड चाकाला निम्म्याहून जास्त लपेटून गेली, गुळगुळीत चाकानं तिला मागून आत दाबलं, आणि सगळं जागच्या जागी बसलं. गाडी बनवणाऱ्यांनी कुठंतरी मोठमोठे इंजिनिअर बसवून जो नकाशा काढला असेल, तो परकराच्या नाडीनं आमच्या अंगणात उमटला होता. सही करायला अंगठा पुढं करणारी बाई ही. सहा वर्षं मी ह्या बाईच्या हातचं खात होते आणि तिच्यात काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"बघत काय बसलीस? पाना लाव."

स्प्रिंगच्या चाकाला पाना लावला, पान्यात पाइप घातला. मी म्हटलं, आत्ती, जोर लागेल, तुम्ही पट्टा नका घालू, बोट अडकेल, मी घालते, तुम्ही पाइप धरा.

"पट्ट्याच्या जवळ तुझं बोट जाता कामा नये. तू लांबनंच दाब. आन मी म्हणस्तवर सोडू नगंस."

मी अंग टाकून पाइप दाबला. स्प्रिंग भलती ताठ. चाक इंचभर सरकलं, आणखी थोडं सरकलं. आत्तींनी नाडी काढत काढत तिच्याच वाटेनं पट्टा चढवत नेला. पाच चाकं झाली. शेवटचं राहिलं, तिथं पट्टा बोटानं आत लोटायचा होता. माझे तळवे ग्रीसनं आणि घामानं बुळबुळीत झाले होते. पाइप निसटला. निसटला म्हणजे बोटभरच, मी लगेच पुन्हा दाबला.

"हूं," आत्ती म्हणाल्या. "धर." मग थोड्या वेळानं, "आता सोड."

सोडलं. पट्टा तारेसारखा ताणला गेला. त्यावर पान्याचं कुंकू लागलं होतं, इथं तिथं बोटांचे लाल ठसे.

मी गाडीत बसून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. लाल दिवा विझला आणि मी ह्यांना हाक मारणार तोच आत्तींनी हात वर केला. त्यांचा डावा तळवा गाडीच्या पत्र्यावर टेकलेला होता.

"बंद कर. वरच्या चाकावर पट्टा एक दात भायेर हाय."

"मला काही ऐकू नाही आलं."

"मला तरी कुठं आलं? हाताला लागतंय की."

उतरून बघितलं. खरोखर, वरच्या चाकावर पट्ट्याचा एक कंगोरा काठाबाहेर होता. तसेच गेलो असतो तर घाटात कुठंतरी चिंध्या झाल्या असत्या. पुन्हा पाइप, पुन्हा दाब, ह्या वेळी मी दात-ओठ खाऊन धरलं. पुन्हा किल्ली. आत्ती पत्र्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, पुन्हा डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, निकाल लागायची वाट बघावी तशी.

"चल," त्या म्हणाल्या.

साडेअकरा वाजले होते.

रस्ताभर मी मागच्या आरशात बघत होते. स्वरा त्यांच्या मांडीवर झोपली होती. डाव्या हातानं तिला धरलेलं, उजवा हात पदरात. कऱ्हाडच्या पुढं मी म्हटलं, आत्ती, केळं खाऊन घ्या. "तू गाडीकडं बघ," म्हणाल्या. खंबाटकीच्या घाटात चढ लागला तेव्हा माझा जीव मुठीत होता. पण इंजिन तापल्याचं दाखवणारा काटा मधल्या खुणेच्या वर सरकला नाही.

पावणेपाचला हॉस्पिटलचं दार. अर्ज, सह्या, तपासण्या. ह्यांना हिरवा झगा घालून बाकावर बसवलं आणि आत्ती पोरीला घेऊन चहा आणायला खाली गेल्या. आम्ही दोघंच होतो.

"मालन," हे म्हणाले. "अण्णा कशानं गेले, तुला काय सांगितलंय?"

"तापानं. मामंजींना विषमज्वर झालता म्हणे."

"खंडेनवमीला गेले." ह्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. "मी पाच वर्षांचा. गिरण पुजून बंद होती. वाडीवरनं एक बाई दळण घेऊन आली. घरात बाळंतीण हाय, पीठ न्हाई म्हणाली. अण्णा नगं म्हणत होते. आयेला कीव आली. पूजेतला पाना तिनं सोता उचलून अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी पट्टा चढवला, इंजन चालू केलं, आणि हात आत गेला. आधी हात, मग सगळाच माणूस. मी दारात हुतो."

मी ह्यांचा मोकळा हात धरला.

"पंधरा दिवसांनी तिनं सोता गिरण चालू केली. त्याच पट्ट्यावर. पर खंडेनवमीला तिनं पुन्हा पान्याकडं कुणाला बघू दिलं न्हाई. सकाळी आवाज आला तेव्हा मी वळखला. नगं म्हणणार हुतो. मग वाटलं, तिला नगं म्हणणारा मी कोण?"

सकाळपासून जे जे मी बघितलं होतं ते सगळं माझ्यासमोर फिरून उभं राहिलं. तू हात लावायचा न्हाई. तुझं बोट जाता कामा नये. ती बाई मला रागावत नव्हती. जे काय व्हायचं ते माझ्यावर न येता आपल्यावर यावं म्हणून तिनं मला पाइपाच्या लांबच्या टोकाला उभं केलं होतं. खंडेनवमीचं खरं-खोटं मला आजही ठाऊक नाही. पण तिच्यासाठी ते खरं होतं, आणि खरं असताना तिनं हात आत घातला.

ऑपरेशन सहाला सुरू झालं, साडेसातला संपलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी दहाला डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. खोलीचा पडदा निम्मा ओढला होता. आम्ही तिघी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या. हे बराच वेळ पापणी मिटून बसले. मग उघडली. डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"धूसरच दिसेल अजून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी बोटं वर केली. "किती?"

"तीन," हे म्हणाले. मग, "दोन." मग त्यांची नजर बोटं सोडून माझ्याकडं आली, माझ्या कडेवर आली. पोरगी त्यांच्याकडं बघत अंगठा चोखत होती. ते नुसते बघत राहिले. डॉक्टरीणबाईंनी बोटं खाली घेतली.

"खोटारडे," हे मला म्हणाले. "सरळ आयेवर गेलीया की."

मी हसले आणि हसताना मला हुंदका आला. आत्ती तोंड फिरवून खिडकीकडं बघत होत्या.

"आये, हिकडं बघ."

आत्ती वळल्या. ह्यांनी डोळा बारीक केला.

"उजवा हात पदरात का गं?"

"गार लागतंय."

"जवळ ये."

त्या हलल्या नाहीत. ह्यांनीच हात लांब करून पदर ओढला. आत्तींच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख काळंनिळं होऊन वर उचललं होतं, बोट वांग्यासारखं सुजलेलं. पाइप निसटला होता तेव्हाचं. त्या बोटानंच त्यांनी उरलेला पट्टा बसवला होता, तो हात झाकून पाच तास गाडीत बसल्या होत्या, रात्रभर बाकावर माझ्या शेजारी होत्या. चांगले दोन डोळे असून मला दिसलं नव्हतं. ह्यांना दिसायला लागून दोन मिनिटं झाली नव्हती.

"आत्ती, माझ्यामुळं," मी म्हणाले.

"कशाचं तुझ्यामुळं." त्यांनी हात सोडवून घ्यायला बघितलं, ह्यांनी सोडला नाही. मग त्या आपल्या बोटाकडं बघायला लागल्या, पहिल्यांदाच बघावं तसं. "एकोणतीस वर्सं भ्याले मी," त्या हळू म्हणाल्या. "बघ की लेका. नखावर निभावलं."

डॉक्टरीणबाई कापूस आणि औषध आणायला गेल्या. थोड्या वेळानं आत्तींनी डोळे पुसले आणि माझ्याकडं वळल्या.

"पाना गाडीतच हाय न्हवं गं? इसरू नगंस. घरी गेल्यावर जाग्यावर ठिवायचा हाय."